पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घेताय? आधी हात नीट कोरडे करायला शिका

पावसाळ्यात ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडायची म्हणजे चष्म्यावर थेंब, डब्यात शिरलं की काचांवर वाफ, आणि पुसायला हात मोकळा नाही. असे चार पावसाळे काढले आणि मग लेन्स घेतल्या. आता बरीच वर्षं झाली, ओळखीतलं कुणी नवीन घेणार असेल तर मी एकच गोष्ट परत परत सांगते, लेन्सला पाणी लागता कामा नये. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलंही नाही.

पण आधी घ्यायच्या कशा ते बघू. मी पहिल्यांदा गेले त्या दुकानात चष्म्याचा नंबर बघून सरळ डबी हातात दिली, डोळा तपासलाच नाही. हे चुकीचं आहे. चष्मा डोळ्यापासून थोडा लांब असतो आणि लेन्स बुबुळावरच बसते, त्यामुळे साधारण 4 च्या पुढे नंबर असेल तर दोन्हीचे नंबर वेगळे निघतात. माझा चष्म्यात उणे 5 आहे, लेन्समध्ये उणे 4.75. शिवाय लेन्सचा गोलवा म्हणजे बेस कर्व्ह आणि व्यास हे पण डोळ्याला जुळावं लागतं, लेन्स घट्ट बसली तर बुबुळाला हवा कमी मिळते, सैल बसली तर सतत सरकते आणि टोचते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे किंवा डोळे तपासायचं शिक्षण घेतलेल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे जा, ते ट्रायल लेन्स घालून पंधरावीस मिनिटं बसवतात, मग मशीनखाली बघतात की पापणी मिटली की लेन्स किंचित हलते का. ती हलायला हवी. सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाचा गोलवा सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा नंबर असेल तर त्यासाठीच्या टोरिक लेन्स मागा, साध्या लेन्समध्ये अक्षरं धूसर दिसत राहतात. डोळे कोरडे पडत असतील, अॅलर्जी असेल, डायबेटिस असेल तर तेही आधी सांगून टाका.

रोजच्या, महिन्याच्या की वर्षाच्या? नवीन माणसाने रोज फेकायच्याच घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. महाग पडतात हे खरं, पण धुणं नाही, डबी नाही, लेन्स धुवायचं सोल्युशन नाही, आणि चुका व्हायच्या जागाच कमी. महिन्याच्या घेतल्यात तर पाकीट फोडल्यापासून 30 दिवस मोजायचे, मधे दहाच दिवस घातल्या म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. वर्षभर चालणाऱ्या स्वस्त मिळतात, त्यांच्या वाट्याला मी तरी जाणार नाही. लग्नासाठी रंगीत लेन्स घेणाऱ्यांनाही हेच सगळं लागू, नंबर नसला तरी डोळा तपासून घ्या आणि बहिणीबरोबर, मैत्रिणीबरोबर अदलाबदल अजिबात नको.

आता घालायचं. साबणाने हात धुवा, तेलकट किंवा क्रीमवाला साबण नको, आणि मग कोरडे करा, अगदी कोरडे, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कपड्याने. बोट ओलं असलं की लेन्स बोटालाच चिकटून राहते, डोळ्यावर जातच नाही, मी पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं आरशासमोर उभी होते ती याचमुळे. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून उजेडात बाजूने बघा, वाटीसारखी सरळ वर गेलेली कड म्हणजे बरोबर, कड बशीसारखी बाहेर वळलेली म्हणजे उलटी. रोज उजव्या डोळ्यापासूनच सुरू करा, म्हणजे डावी उजवी बदलत नाही. दुसऱ्या हाताने वरची पापणी अगदी पापणीच्या केसांपाशी धरायची, नाहीतर ती मिटतेच, लेन्स धरलेल्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढायची आणि लेन्स हळूच टेकवायची. मग खाली बघा, पापणी सोडा. काढताना वर बघायचं, लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि दोन बोटांच्या मऊ भागाने चिमटीत धरायची, नखं कापलेली हवीत. लेन्स डोळ्याच्या मागे जाईल ही भीती सगळ्यांनाच असते, ती जाऊ शकत नाही, पापणीच्या आतलं अस्तर तिथे वळून डोळ्याला जोडलेलं असतं. फार तर वरच्या पापणीखाली सरकेल.

पहिले दोनचार दिवस तीनचार तासच, मग रोज थोडं थोडं वाढवत न्या. ऑफिसमध्ये एसी आणि स्क्रीन असेल तर पापण्या कमी मिटतात, डोळा सुकतो, लेन्सवर चालणारे ड्रॉप्स डॉक्टरांना विचारून जवळ ठेवा. मेकअप लेन्स घातल्यावर करायचा, आणि पुसायच्या आधी लेन्स काढायच्या. झोपताना काढायच्याच, गाडीतली डुलकीसुद्धा टाळलेली बरी.

महिन्याच्या असतील तर रोज तळहातावर सोल्युशन घेऊन बोटाने हलकेच चोळायच्या, नो रब लिहिलेलं असलं तरी चोळाच. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून टाकायचं, त्यात वर नवीन भर घालायची नाही. डबी सोल्युशननेच धुवून उलटी सुकत ठेवा आणि तीन महिन्यांनी बदला. सलाईन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, लेन्सच्या सोल्युशनसारखंच दिसतं पण त्याने जंतू मरत नाहीत.

आणि पाणी. नळाच्या, टाकीच्या, तलावाच्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा बारीक जीव असू शकतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला जखम करतो, उपचार महिनोन्महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. म्हणून आंघोळीच्या आधी लेन्स काढा. सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये नको, येऊरच्या किंवा खारघरच्या बाजूला पावसात भिजायला निघालात तर चष्मा घाला, होळीला तर लेन्स नकोच. धावत्या रिक्षेतून डबक्याचं पाणी डोळ्यात उडालं तर लेन्स काढून टाका, रोजची असेल तर फेकूनच द्या. माझ्या बॅगेत पावसाळाभर चष्मा आणि एक जादा जोडी असतेच.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं तर लगेच लेन्स काढा आणि परत घालून बघू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स आणू नका, त्यात स्टेरॉईड असलं तर इन्फेक्शन आणखी चिघळतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रविवार असला तरी इमर्जन्सी गाठा, आणि काढलेली लेन्स डबीसकट बरोबर न्या, कधीकधी तिच्यावरूनच कुठला जंतू आहे ते तपासता येतं.