लांबलेल्या अँटिबायोटिक कोर्समध्ये सीबीसीचा अहवाल कसा वाचावा

हाडाचा किंवा हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग असेल, तर अँटिबायोटिक अनेकदा चार ते सहा आठवडे चालते, आणि दोन आठवडे उलटल्यावर काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटू लागतात. कधी औषध थेट अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी घडवणाऱ्या मऊ भागाला, बाधते, कधी शरीराची प्रतिकारयंत्रणाच या पेशींवर उलटते. परंतु एक कारण आतड्यातही असू शकते. तेथील जिवाणूंच्या पेशीभित्तिकांचे सूक्ष्म अंश रक्तात उतरतात आणि मज्जेला नव्या पेशी घडवण्याचा हलका, पण अखंड इशारा देत राहतात; अँटिबायोटिकाने हे जिवाणू मेले, की तो इशारा मंदावतो. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले, की उंदरांना अँटिबायोटिकांचे मिश्रण दिल्यावर मज्जेतील मूळ पेशी (ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात) घटतात आणि निरोगी उंदरांच्या विष्ठेतील जिवाणू पोटात गेल्यावर रक्तनिर्मिती सावरते. हा पुरावा उंदरांचा आहे, हे विसरू नये.

कोर्सपूर्वीचा सीबीसी (रक्तातील सर्व पेशींच्या मोजणीचा अहवाल) जपून ठेवावा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने केलेला प्रत्येक अहवाल त्याच्याशी ताडून पाहावा. लक्ष प्रथम न्यूट्रोफिलकडे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडे, द्यावे, कारण ते रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात आणि मज्जेचे काम मंदावले की लवकर कमी होतात. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगत असल्याने हिमोग्लोबिन मागाहून उतरते. न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या काढण्यासाठी एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पेशी 3200 आणि न्यूट्रोफिल 40 टक्के असतील, तर संख्या 1280 येते. अनेक प्रयोगशाळा 40 ते 80 टक्के ही मर्यादा छापतात, त्यामुळे टक्केवारीच्या रकान्यात काहीच वावगे दिसत नाही; प्रत्यक्षात 1500 खालची संख्या कमी आणि 500 खालची धोक्याची मानली जाते.

क्षयरोगासाठी लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असल्यास प्लेटलेट व हिमोग्लोबिनही पाहावे; तेथे मुख्य दोष आतड्याचा नसून औषधाच्या थेट परिणामाचा असतो.

दह्याने किंवा प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने ही घट भरून निघेल, अशी आशा धरू नये. न्यूट्रोफिल फार कमी असताना तर अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण त्यातील जिवाणू क्वचित रक्तात शिरतात. औषध आपल्या मनाने थांबवू नये. ते बदलल्यावर पेशी बहुधा पूर्ववत होतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा असतो. न्यूट्रोफिलची संख्या 500 खाली असताना ताप 38 अंश सेल्सिअसपर्यंत चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.