हाडांची नावं पाठ करताना कवटीपासून नको, हातापासून सुरू करा

नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला बरेच जण डोक्यापासून खाली उतरत जातात आणि कवटीच्या २२ हाडांतच अडकतात. स्फेनॉइड, एथमॉइड, व्होमर ही हाडं बोटाला लागतच नाहीत, मग ती डोक्यात कशी बसणार? हाताचं तसं नाही. मनगटापासून बोटांपर्यंत एका हातात २७ हाडं, एका पावलात २६. दोन हात, दोन पावलं मिळून १०६, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी निम्म्याहून जास्त.

पेरांपासून सुरुवात करा. अंगठ्याला दोन पेरं, बाकी बोटांना तीन-तीन, एकूण १४ फॅलँजेस. तळव्यात पाच मेटाकार्पल, अंगठ्याकडून एक ते पाच. हे दहा मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत मनगटातल्या आठ कार्पल हाडांची.

त्यांच्यासाठी मनातल्या मनात ठाण्याहून वाशी लोकल धरा आणि एकेका स्टेशनावर एकेक हाड बसवा. ठाणं सोडलं की वाशीपर्यंत आठ स्टेशनं; २०२४ मध्ये दिघा गाव सुरू झालं आणि हिशेब जुळला. (पनवेल गाडी इथे चालणार नाही, ती तुर्भ्यानंतर जुईनगरला वळते.) ही हाडं चार-चारच्या दोन ओळींत असतात; आधी कोपराकडची ओळ अंगठ्याच्या बाजूने घ्या. दिघा गावाच्या फलाटाला होडी लागलीय: स्कॅफॉइड. ऐरोलीवर चंद्रकोर: लुनेट. रबाळ्याला तिकोनी समोसा: ट्रायक्वेट्रल. घणसोलीला घरंगळलेला वाटाणा: पिसिफॉर्म. चित्रं मनाची असली तरी अर्थ खरे आहेत. ही नावं लॅटिन-ग्रीकमधून त्या आकारांवरूनच पडली.

घणसोलीला थांबा. इथे हमखास चूक होते: पुढची ओळ करंगळीकडून सुरू होते असं वाटतं. तसं नाही, पुन्हा अंगठ्याकडे या. कोपरखैरणे ट्रॅपेझियम, तुर्भे ट्रॅपेझॉइड, सानपाडा कॅपिटेट (आठांतलं सगळ्यात मोठं), वाशीला हॅमेट, म्हणजे आकडा. अंगठा ट्रॅपेझियमवर बसतो, एवढं धरलं की ट्रॅपेझॉइडशी गल्लत होत नाही. पहिल्या अक्षरांवरून रचलेली इंग्रजी वाक्यं इथेच दगा देतात, कारण तीन नावं ‘टी’नेच सुरू होतात.

आता हात लावून बघा. मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला, तळव्याकडून दाबलं की टणक गोळी लागते, तो पिसिफॉर्म. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो; त्याच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. हात टेकून पडल्यावर बरेचदा मोडतं ते हेच.

पुढे कोपरापर्यंत दोन हाडं. नाडी बघतो त्या बाजूला रेडियस, कोपराचं टोक अल्नाचं. पायात नडगी म्हणजे टिबिया, बाहेरच्या बाजूची बारीक काडी फिब्युला, गुडघ्याची वाटी पटेला. पावलात टाचेचं कॅल्केनियस, त्यावर टॅलस, पुढे नॅव्हिक्युलर (पुन्हा होडीच), ठोकळ्यासारखं क्युबॉइड आणि पाचरीसारखी तीन क्युनिफॉर्म. मणक्यांना जेवणाच्या वेळा लावा: सकाळी ७ मानेचे, दुपारी १२ पाठीचे, संध्याकाळी ५ कमरेचे; खाली सेक्रम आणि माकडहाड. एवढं झालं की मगच कवटी.

मराठीत टिपणं काढणाऱ्यांनी एक जपावं. कमरेचं हाड इलियम आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम; देवनागरीत फरकच दिसत नाही. स्पेलिंगमध्ये ‘एल’नंतर ‘आय’ असेल तर हाड, ‘ई’ असेल तर आतडं. म्हणून प्रत्येक नाव पाचदा इंग्रजीत लिहून काढा.

उजळणी त्याच रात्री, दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी, वही बंद ठेवून. शेवटी बेरीज मांडा: कवटी २२, कानातली ६, गळ्यातलं हायॉइड १, पाठकणा २६, बरगड्या २४, छातीचं हाड १, म्हणजे ८०. खांद्यांसकट दोन्ही हात ६४, कमरेसकट दोन्ही पाय ६२. बेरीज २०४ आली तर बहुधा जोडीतलं एखादं हाड दोन्ही बाजूंना सुटलंय. आधी पटेला आणि खांद्याचं क्लॅव्हिकल तपासा.