सिनेमा बघून आल्यावर चार ओळी कशा लिहायच्या

२०१५ ला कोर्ट बघून आले आणि थेटरच्या पायऱ्या उतरता उतरताच घरच्या ग्रुपवर टाकलं, "कोर्ट बघितला, अप्रतिम!! अजिबात चुकवू नका". झालं. रविवारी आमचा मामा मामीला आणि शेजारच्या दोघांना घेऊन गेला, त्याला वाटलं कोर्ट म्हणजे वकील टेबलावर हात आपटणार, ऐनवेळी साक्षीदार धावत येणार, टाळ्या. रात्री फोन. "अगं तो वकील दुकानात चीज निवडत हिंडतोय आणि आम्ही चौघं तिकीट काढून ते बघतोय, ह्याला अप्रतिम म्हणतात होय?"

आता यात मामाचं काय चुकलं, आणि सिनेमाचं तरी काय, मला तो आजही तेवढाच आवडतो. चूक माझ्या मेसेजची होती. "अप्रतिम" यातून त्याला फक्त एवढंच कळलं की मला आवडला, आणि मला काय आवडतं ते त्याला कुठे माहितीये. तेव्हापासून मी बघितलेल्या सिनेमावर लिहिताना जरा बेताने लिहिते, आणि हल्ली लोक विचारतात कसं लिहितेस म्हणून हे.

पहिलं म्हणजे वाचणाऱ्याला काय हवंय ते बघा. त्याला तुमचं समीक्षण नकोय. बघू का, कोणाबरोबर बघू, थेटरात जाऊ का ओटीटीवर यायची वाट बघू, एवढंच हवंय. तुमच्या चार ओळीतून याची उत्तरं मिळाली की काम झालं, मग त्यात दिग्दर्शनाबद्दल एक अक्षर नसलं तरी चालतं.

लिहायचं मात्र त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचं वाचून झालं की आपलं मत कुठे संपलं आणि त्यांचं कुठे सुरू झालं कळतच नाही, मला तर दोन दिवसांनी असे सीन आवडलेले आठवतात जे बघताना मी पॉपकॉर्न आणायला गेले होते. घरी येताना रिक्षात मोबाइलमध्ये दोन गोष्टी टिपून ठेवते, कोणता सीन अजून डोळ्यासमोर आहे आणि कुठे घड्याळ बघितलं. बास. सिनेमा मराठी असेल तर लवकर लिहायचं अजून एक कारण आहे, दुसऱ्या आठवड्यात शो कमी होतात आणि उरलेला एखादा शो कुठल्यातरी लांबच्या मल्टिप्लेक्सला सकाळी ११ ला असतो, मग तुमचं कौतुक वाचून कोणाला जायचं असलं तरी जाणार कुठे.

आता विशेषणांचं बोलू. आपल्याकडे एक तयार साचा आहे, तुम्हीपण वाचला असेल. "वेगळा विषय, सगळ्यांचा अभिनय छान, गाणी श्रवणीय, छायाचित्रण अप्रतिम, पूर्वार्ध थोडा संथ, एकदा बघायला हरकत नाही." यात सिनेमाचं नाव बदलून कुठलंही टाका, चालतं. (कोकणात शूट केलेल्या प्रत्येक सिनेमाचं छायाचित्रण अप्रतिम असतं, पावसात कोकण कुणीही दाखवलं तरी छानच दिसणार ना, त्यात कॅमेरामनचं नक्की किती ते सांगा.) म्हणून लिहून झालं की स्वतःला एक विचारा, हेच वाक्य मागच्या महिन्यात बघितलेल्या सिनेमाला चिकटतंय का. चिकटत असेल तर काढा आणि त्या जागी एक सीन ठेवा.

तो कोर्टचा मेसेज आज लिहायचा असता तर असा लिहिला असता:

"कोर्ट बघितला, ११६ मिनिटं, मराठी हिंदी इंग्रजी गुजराती सगळं मिक्स आहे त्यामुळे सबटायटल्स वाचायची तयारी ठेवा. एका म्हाताऱ्या लोकशाहिराला पकडलंय, आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. केस मुंबईतल्या कोर्टात रखडत चालते आणि सिनेमापण मुद्दाम तसाच चालतो, कॅमेरा एका जागी, माणसं येतात बोलतात जातात. मधेच दोन्ही बाजूच्या वकिलांच्या घरी, बाजारात, ट्रेनमध्ये जातो आपण. एका बाईची सुनावणी जजसाहेब पुढे ढकलतात कारण तिने स्लीव्हलेस घातलंय, तिथे मी हसले आणि मग आपण हसलो याचंच कसंतरी वाटलं. वकिलांची जुगलबंदी हवी असेल तर जाऊ नका. दिवसभर दमून गेलात तर झोप लागेल, सकाळचा शो बघा."

यात मी चांगला का वाईट कुठेच म्हटलेलं नाही, पण मला आवडलाय हे कळतंच, आणि मामाला तिकीट काढायच्या आत कळलं असतं की हे आपलं काम नाही. शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची बरं का. कोणी बघू नये हे लिहायला लोक घाबरतात, पण "सगळ्यांनी बघावा असा" म्हणण्यापेक्षा ते किती उपयोगाचं आहे बघा.

गोष्ट किती सांगायची? मी पहिल्या वीसेक मिनिटांपाशी थांबते. एलिझाबेथ एकादशीचं उदाहरण घ्या, पंढरपूरचा पोरगा, वडील गेलेत, आईचं विणकामाचं मशीन बँकेने उचलून नेलंय, ते सोडवायला पैसे हवेत आणि गावात कार्तिकीची गर्दी व्हायचीये. एलिझाबेथ हे सायकलचं नाव. इथे थांबायचं. सायकलचं पुढे काय होतं ते बघायलाच तर लोक बसणार आहेत.

आणि शेवट फोडणं म्हणजे फक्त काय झालं ते सांगणं नसतं हो. सैराट २०१६ ला आला तेव्हा लोक अगदी जबाबदारीने लिहायचे, "शेवट सांगत नाही पण हादरले". अहो सांगितलात की! जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, अर्धा वेळ माणूस गाण्यांवर पाय हलवत बसलेला असतो, त्याला हादरायचं आहे हे आधीच कळलं तर तो प्रत्येक सीनला आता होणार, आता होणार करत बसतो. "शेवटी एक ट्विस्ट आहे" हेपण त्यातलंच. ज्यांना खरंच सावध करायचंय, म्हणजे लहान पोरं असलेल्यांना, त्यांच्यासाठी "गाणी ऐकून हलकाफुलका समजून मुलांना नेऊ नका" एवढं पुरे, त्यात कधी काय होतं ते येत नाही. मुलांचं निघालंच आहे तर, २०२४ पासून सर्टिफिकेटमध्ये युए ७+, १३+, १६+ असे भाग केलेत, तो आकडा टाकलात तर आईबाप दुवा देतील. पण आकड्यावर सगळं सोडू नका. घरात आजी आजोबा शेजारी बसलेले असताना कुठला सीन अवघड होतो हे कुठलंच सर्टिफिकेट सांगत नाही, ते तुम्हीच सांगायचं.

कसा बघितला तेपण लिहा, लोक हे लपवतात. मोबाइलवर बघितला, १.५ स्पीडने बघितला, इस्त्री करता करता बघितला, अर्ध्यात झोपले. यात लाजायचं काय, "पाऊण तासात बंद केला, तोपर्यंत कोण कोणाचा कोण तेच कळलं नव्हतं" हे पूर्ण मत आहे. फक्त पाऊण तास बघून "शेवटपर्यंत रटाळ" नका लिहू.

स्टार देणं मी सोडून दिलंय. माझ्या तीनमध्ये आणि तुमच्या तीनमध्ये फरक असतो आणि खरं सांगायचं तर माझ्याच सोमवारच्या तीनमध्ये आणि शनिवारच्या तीनमध्येपण असतो. त्यापेक्षा मोबाइल किती वेळा हातात घेतला ते सांगते, हे माप सगळ्यांना कळतं.

नावडलेल्या सिनेमाबद्दल लिहिताना नटनट्यांच्या दिसण्यावर, वजनावर घसरू नका, सिनेमात काय खटकलं ते सांगा. आणि मराठी सिनेमा जगला पाहिजे म्हणून खोटं कौतुक तर अजिबात नको. मला माहितीये मन होत नाही, कमी पैशात कोणीतरी धडपडून केलेला असतो, पण तुमच्या शब्दावर चौघांचं कुटुंब तिकीट, पार्किंग, समोसे करत जातं आणि जांभया देत बाहेर येतं, मग पुढच्या वेळी खरोखरचा चांगला सिनेमा आला की तुमचं कोण ऐकणार. आमच्या मामाने पुढची दोन वर्षं माझं ऐकलं नव्हतं.

राहिलं बारीकसारीक. सिनेमाचं पूर्ण नाव आणि वर्ष लिहा, नुसतं "अग्निपथ बघितला" म्हटलं की १९९० चा का २०१२ चा यावर ग्रुपमध्ये तासभर चर्चा होते आणि तुमचं मत राहतं बाजूला. भाषा लिहा, डब केलेला बघितला असेल तर तसं लिहा, कारण डबिंग वाईट असलं की चांगला नटपण बातम्या वाचल्यासारखा वाटतो. ओटीटीवर कुठे आणि कधी बघितला ते टाका, तिथून सिनेमे न सांगता गायब होतात आणि सहा महिन्यांनी कोणीतरी तुम्हालाच विचारतं सापडत नाहीये म्हणून.

गेल्या महिन्यात एका सिनेमाबद्दल असंच लिहून ग्रुपवर टाकलं, सहा ओळी. दोन मिनिटात मामाचं उत्तर, "म्हणजे मला नको. मामीला पाठवतो."