प्रयत्न सुरू करण्याआधीचे तीन महिने

ज्या महिन्यापासून बाळासाठी प्रयत्न करायचं ठरलंय, तिथून तीन महिने मागे मोजा आणि त्या दिवसापासून दोघांनीही तयारीला लागा. शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, मग पक्व व्हायला आणखी दहा-बारा. स्त्रीबीजाच्या वाढीचा शेवटचा टप्पाही जवळपास तेवढाच चालतो. त्यामुळे आज सोडलेल्या सिगारेटचा फायदा पुढच्या महिन्यात शोधू नका. पंधरा दिवस नियम पाळायचे आणि काही झालं नाही म्हणून सोडून द्यायचे, ही चूक फार जोडप्यांकडून होते.

बाईसाठी यादीत पहिली येते फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधी सुरू करायची आणि बारावा आठवडा संपेपर्यंत घ्यायची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पाळी चुकल्यावर गोळी आणायला जाणं म्हणूनच उशिराचं. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल, तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

त्याच भेटीत चालू असलेली सगळी औषधं दाखवा. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन आणि फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट गर्भाला गंभीर इजा करू शकतात, पण फिटचं औषध स्वतःहून बंद करणं तितकंच धोक्याचं. थायरॉइड तपासा. मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली आणायचा प्रयत्न करा. रुबेलाची लस झाली नसेल तर आत्ताच घ्या, कारण ती घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते.

आता पुरुषाचं. त्याची बाजू हमखास राहून जाते, आणि याची आम्हाला खरोखर काळजी वाटते, कारण दिवस राहायला अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीनं असतं. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागतं. गरम पाण्याच्या टबात बसणं, सॉना, मांडीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम, घट्ट अंतर्वस्त्रं हे सगळं कमी करा. जोराचा ताप येऊन गेला तर त्याचा परिणाम वीर्यात पुढचे दोन-तीन महिने दिसू शकतो. तेवढ्यात तपासणी केली तर ताप येऊन गेल्याचं आवर्जून सांगा. जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स किंवा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सगळ्यात घातक. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू बनणं जवळजवळ बंद पडतं. अंगावर स्नायू वाढत असतात, त्यामुळे शंकाही येत नाही. बंद केल्यावर पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं.

तंबाखू दोघांनीही पूर्ण सोडायची. ती शुक्राणूंच्या डीएनएला इजा करते, स्त्रीचा बीजसाठा लवकर संपवते, आणि घरात एकानं ओढलेला धूर दुसऱ्यालाही लागतो. दारू बाईनं थांबवावी, पुरुषानं शक्य तितकी कमी करावी. कॉफी-चहा सोडायची गरज नाही. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहा, म्हणजे इन्स्टंट कॉफीचे फार तर दोन मग.

वजनाबाबत घाई नको. पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) आणि जास्त वजन असेल, तर वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेकींचं बीज पुन्हा सुटू लागतं. ८० किलोच्या बाईसाठी हे ४ ते ८ किलो. उपाशी राहून किंवा अतिव्यायामानं वजन झपाट्यानं उतरवलं तर उलट होतं. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नाही असं दिसलं की मेंदू बीजनिर्मितीचे संदेश आवरतो आणि पाळी लांबते.

प्रयत्नांच्या महिन्यात दिवस नीट मोजा. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. २८ दिवसांच्या चक्रात तो चौदावा दिवस, पण ३५ दिवसांच्या चक्रात एकविसावा, आणि सरसकट चौदावा धरल्यानं कित्येक महिने वाया जातात. बीज सुटल्यावर एक दिवसही टिकत नाही, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे दिवस महत्त्वाचे. त्या काळात दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवा. ‘साठवून ठेवावं’ म्हणून आठ-दहा दिवस थांबलात तर शुक्राणूंची हालचाल मंदावते. साधी वंगणजेलं आणि लाळही त्यांना अडवतात. जेल लागलंच तर शुक्राणूंना अपाय न करणारं निवडा.

वय ३५च्या आत असेल तर एक वर्ष, ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा. चाळिशी गाठली असेल, पाळी अनियमित असेल किंवा वृषणांची शस्त्रक्रिया झाली असेल तर थांबूच नका. पहिल्याच भेटीला दोघं जा, सोबत गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा न्या. वीर्यतपासणीही सुरुवातीलाच करून घ्या, त्याआधी २ ते ७ दिवस संबंध टाळून.