लिनक्स कर्नलमध्ये नाव कसं द्यावं आणि कमेंट कुठे लिहावी

कर्नलमधलं (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं) एखादं फंक्शन कॉल करण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. लॉक (एका वेळी एकालाच माहितीला हात लावू देणारं कुलूप) कोणी धरायचं, हातात आलेली वस्तू कोणी परत करायची आणि आत झोप लागू शकते का, म्हणजे वाट पाहत थांबावं लागू शकतं का. सी भाषेचा कंपायलर यातलं काहीच सांगत नाही. म्हणून पहिल्या दोन गोष्टी शक्यतो नावात बसवायच्या आणि नावात न मावणारं कमेंटमध्ये लिहायचं. (इथे नावं देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची. मॅक्रोमधले स्थिरांक आणि ईनमची मूल्यं तेवढी मोठ्या अक्षरांत.)

सुरुवात उपसर्गापासून करा. तापमान मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर लिहिताय असं समजू. त्यातल्या प्रत्येक फंक्शनला थर्मो_ लावा: थर्मो_प्रोब, थर्मो_रीड, थर्मो_रिमूव्ह. फाइलबाहेर न लागणारं फंक्शन स्टॅटिक (त्या फाइलपुरतंच दिसणारं) करा, पण म्हणून त्याचं नाव नुसतं ‘रीड’ ठेवू नका. कर्नल कोसळल्यावर स्टॅक ट्रेसमध्ये (कोणी कोणाला कॉल केलं त्या यादीत) फंक्शनचं नाव आणि ऑफसेट (त्यातली नेमकी जागा) दिसतो, फाइलचं नाव नाही. नुसतं ‘प्रोब’ दिसलं तर ते शेकडो ड्रायव्हरांपैकी कोणाचं, हे शोधत बसावं लागतं. फंक्शन कॉलचा माग काढणाऱ्या एफट्रेसच्या फिल्टरमध्ये असं नाव टाकलं की त्या नावाची सगळी फंक्शनं पकडली जातात.

स्टॅटिक लिहायचं राहिलं तर वेगळी पंचाईत होते. ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडता येणारा वेगळा भाग) म्हणून बांधला तर बहुधा काही बिघडत नाही. तोच कर्नलच्या आत बांधला की दुसऱ्या कोणाच्या तरी त्याच नावाशी टक्कर होते आणि लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) ‘एकाच नावाच्या दोन व्याख्या’ म्हणून थांबतो. म्हणून दोन्ही प्रकारे बांधून पाहा.

स्थानिक व्हेरिएबलचं नाव मात्र आखूड ठेवा. लूपच्या मोजणीला आय, तात्पुरत्या किमतीला टीएमपी, परत द्यायच्या एरर कोडला रेट. तीन ओळी जगणाऱ्या व्हेरिएबलला ‘लूप_काउंटर’ असं भारदस्त नाव देऊन वाचणाऱ्याला काही मिळत नाही. उलट, सगळीकडून दिसणारं नाव काटकसर न करता लिहा. ‘काउंट_ॲक्टिव्ह_युजर्स’ चालेल, ‘सीएनटीयूएसआर’ नाही. वेळ किंवा माप असेल तर एकक शेपटीला लावा: टाइमआउट_एमएस, डिले_यूएस. नुसत्या ‘टाइमआउट’मध्ये मिलिसेकंद आहेत की जिफीज (कर्नलच्या घड्याळाचे ठोके), हे कॉल करणाऱ्याला कळत नाही आणि चुकीची किंमतही बिनबोभाट कंपाइल होते.

आता मुख्य मुद्दा, रेफरन्स काउंटचा, म्हणजे एखादी वस्तू किती ठिकाणी वापरात आहे त्या मोजणीचा. ‘गेट’ असेल तर संदर्भ वाढतो आणि ‘पुट’ने तो सोडायचा, असा रिवाज आहे. गेट_पिड_टास्क संदर्भ वाढवून देतं. पिड_टास्क तो वाढवत नाही, त्यामुळे ते आरसीयूच्या (लॉक न घेता वाचू देणाऱ्या कर्नलच्या पद्धतीच्या) संरक्षणात वापरावं लागतं. एका शब्दाने केवढं काम केलं! याउलट डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या झाडासारख्या रचनेच्या) ओएफ_फाइंड_ कुळातली, नोड शोधणारी फंक्शनं पाहा. नावात फक्त ‘फाइंड’, पण ती नोडचा संदर्भ वाढवून देतात. ओएफ_फाइंड_नोड_बाय_नेमला शोधाची सुरुवात म्हणून नोड दिला तर त्याचा संदर्भ ते परस्पर सोडूनही टाकतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ओएफ_नोड_पुट विसरल्याने झालेल्या गळत्या दुरुस्त करणारे पॅच (कोडमधल्या बदलांचे तुकडे) कर्नलमध्ये वर्षानुवर्षं येत राहिले आहेत. तुमचं फंक्शन संदर्भ देत असेल तर नावात गेट घाला. देत नसेल, फक्त रजिस्टर वाचत असेल, तर ‘रीड’ म्हणा.

लॉकसाठी _लॉक्ड हा प्रत्यय लावतात. अर्थ असा की लॉक आधीच धरलेलं आहे, आत पुन्हा धरणार नाही. पुढे दोन अंडरस्कोर लावायचीही पद्धत आहे, पण तिचा अर्थ पक्का नाही. कुठे ‘लॉक न घेता’, तर कुठे ‘तपासणी न करता’. उदाहरणार्थ, __कॉपी_फ्रॉम_युजर पत्त्याची तपासणी गाळतं. नव्या कोडमध्ये _लॉक्ड बरं. आणि ‘कॉल करणाऱ्याने लॉक धरलेलं असावं’ अशी कमेंट लिहून थांबू नका, फंक्शनच्या आरंभी लॉकडेप_असर्ट_हेल्ड टाका. कमेंट शिळी होते, पण लॉकडेप (लॉकचा वापर तपासणारी सोय) चालू असलेल्या कर्नलमध्ये ही ओळ चूक पकडते. झोपेसाठी तसंच माइट_स्लीप आहे.

फंक्शन काय परत करतं, हेही नावावरून ठरतं. नाव आज्ञा असेल (ॲड_वर्क) तर यश म्हणजे ० आणि अपयश म्हणजे उणे एरर कोड. नाव प्रश्न असेल (पीसीआय_डेव्ह_प्रेझेंट) तर १ म्हणजे हो, ० म्हणजे नाही. हे उलटं झालं की इफची अट उलटी लिहिली जाते.

चूक झाल्यावर साफसफाईकडे उडी मारणाऱ्या गोटोच्या लेबलांना एर१, एर२ असे आकडे देऊ नका. मध्ये मेमरीचं एक नवं वाटप आलं की सगळे आकडे हलतात. लेबलने काय मोकळं करायचं ते सांगावं: एर_फ्री_बफर, एर_डिसेबल_क्लॉक. सगळ्यांना मिळून एकच ‘एर’ ठेवलं तर अजून वाटपच न झालेल्या नल पॉइंटरच्या आतला सदस्य मोकळा करायला जाऊन कर्नल कोसळतो.

कमेंटबद्दल नियम साधा आहे. कोड काय करतो आणि का करतो ते लिहा, कसं करतो ते कोडच सांगतो. ‘आय एकने वाढवला’ हे कोणालाही दिसतं. एमस्लीप(२०) म्हणजे वीस मिलिसेकंद थांबणं, पण वीसच का, हे दिसत नाही. चिपच्या माहितीपत्रकात रीसेटनंतर थांबायला सांगितलं असेल तर त्यातला विभाग नोंदवा, नाहीतर पुढचा माणूस ‘वेग वाढवला’ म्हणून ती ओळ काढून टाकेल. म्युटेक्स किंवा स्पिनलॉक या प्रकारच्या लॉकच्या व्याख्येशेजारी तो कोणकोणत्या सदस्यांचं रक्षण करतो ते लिहा. मेमरी बॅरियरवर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम राखणाऱ्या सूचनेवर), उदाहरणार्थ एसएमपी_डब्ल्यूएमबीवर, त्याची जोडी कोणत्या फंक्शनमधल्या बॅरियरशी आहे ते लिहाच. तिथे कमेंट नसेल तर चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) तक्रार करतो. बदलांचा इतिहास, तारखा किंवा एडिटरच्या सेटिंगच्या ओळी फाइलीत नकोत. इतिहासासाठी गिट आहे.

बाहेर निर्यात होणाऱ्या फंक्शनवर कर्नल-डॉक (त्याच नावाचं साधन वाचून दस्तऐवज बनवतं अशी कमेंट) लिहा, तेही व्याख्येच्या डोक्यावर:

/**
 * थर्मो_रीड() - एका वाहिनीचं तापमान वाचतं
 * @टीएच: उपकरण
 * @चॅनल: वाहिनीचा क्रमांक, ० पासून
 *
 * कॉन्टेक्स्ट: झोपू शकतं, टीएच->लॉक स्वतः घेतं.
 * रिटर्न: मिलिडिग्री सेल्सिअस नाही, फक्त ० किंवा उणे एरर कोड; वाचन टीएच->लास्टमध्ये.
 */

सुरुवातीचे दोन तारे फक्त यासाठीच. साध्या कमेंटला चुकून दोन तारे पडले तर कर्नल-डॉक तिला आपली समजून इशारा देतो. पॅरामीटरचं नाव बदललं आणि वरचं बदलायचं राहिलं तरी इशारा येतो.

पाठवण्याआधी तीन तपासण्या करा: चेकपॅच --स्ट्रिक्ट, मेक डब्ल्यू=१ आणि मेक सी=१. शेवटची स्पार्स हे कोड तपासणारं साधन चालवते आणि स्टॅटिक राहून गेलेली नावं दाखवते. जुन्या फाइलीत चेकपॅचने नावांवरून पन्नास इशारे दिले तरी सगळी नावं दुरुस्तीच्या पॅचमध्येच बदलू नका. नामांतराचा पॅच वेगळा ठेवा आणि मालिकेत दुरुस्तीनंतर लावा. नाहीतर तीच दुरुस्ती जुन्या स्टेबल (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्तीत नेताना पॅच लागत नाही.