परसातला छोटा स्टुडिओ: आधी पाणी अडवा, मग हवा, मग उष्णता

खोली स्वतः बांधणारे बहुतेक जण सुरुवातच 'इन्सुलेशन किती जाडीचं घेऊ?' या प्रश्नाने करतात. तो प्रश्न खरं तर तिसरा. भिंतीत ओल शिरत असेल किंवा फटींतून वारा खेळत असेल, तर महागडं इन्सुलेशनही वाया जातं.

बांधकामाची परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्या. मग 9 × 12 फुटांची जागा आखा. हे माप सोयीचं आहे: कर्ण बरोबर 15 फूट येतो. दोन्ही कर्ण 15 भरले की चारही कोपरे काटकोनात. इथे अर्ध्या इंचाची चूक राहिली, तर ती छतापर्यंत छळते.

पाया म्हणजे काँक्रीटचे छोटे खांब. पाणी भरलेल्या नळीने त्यांची पातळी जुळवा. त्यांवर लाकडी तळाची चौकट जमिनीपासून निदान सहा इंच वर ठेवा, खालून हवा फिरली पाहिजे. तळाच्या तुळयांमधल्या खणांतही इन्सुलेशन भरा. हे हमखास विसरलं जातं आणि मग पाय गारठतात.

भिंतीचे उभे खांब मध्यापासून मध्यापर्यंत 2 फुटांवर घ्या. प्लाय 8 × 4 ची असते, त्यामुळे तिचा प्रत्येक सांधा आपोआप खांबावर येतो. प्लायवर बाहेरून पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा कागद लावा, खालून वर, प्रत्येक थर खालच्या थरावर चढवून. त्यावर उभ्या पट्ट्या ठोका आणि बाहेरच्या फळ्या त्या पट्ट्यांवर. मधल्या पोकळीतून आत घुसलेलं पाणी खाली निथळतं. छताला 9 फुटांत एक फुटाचा उतार पुरे. कडा भिंतीबाहेर फूटभर काढा.

वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, तेही इन्सुलेशन भरण्याआधी.

आता रॉकवूल, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंचं इन्सुलेशन. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. खणापेक्षा अर्धा इंच रुंद कापा, म्हणजे ते स्वतःच घट्ट बसतं. पण कोंबू नका. उष्णता अडते ती तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. दाबलंत की ती हवाच जाते. वायर आडवी आली तर तुकडा मधोमध चिरून अर्धा तिच्या मागे, अर्धा पुढे बसवा. माझ्या पहिल्या खोलीत मी स्विचबोर्डामागची वीतभर जागा मोकळी सोडली होती. हिवाळ्यात तिथे हात नेला की गार झोत लागायचा.

आवाज अडवायचा असेल तर थर्माकोलच्या नादी लागू नका. त्याला वजन नसतं, आणि आवाजाला वजन लागतं. आतून जिप्सम बोर्डाचे दोन थर लावा, सांधे एकावर एक येऊ न देता.

हवेतली वाफ भिंतीत शिरून तिथे पाणी होऊ नये म्हणून लावायचं वाफरोधक प्लॅस्टिक नेहमी भिंतीच्या उबदार बाजूला. थंड हवामानात ते आतून, जिप्सम बोर्डाच्या मागे येतं. दमट उष्ण हवेत एसी चालणार असेल, तर उबदार बाजू बाहेरची असते. तिथे आतून प्लॅस्टिक लावलंत, तर पाणी भिंतीतच साचतं. दोन्हीकडून तर कधीच नको.

शेवटी दार-खिडक्यांभोवती उदबत्ती फिरवा. धूर वाकला की तिथे फट आहे, सीलंट भरा. दार भरीव आणि रबरी पट्टीचं हवं, खाली दाराच्या फटीलाही पट्टी. एवढी बंद खोली झाली की ताज्या हवेसाठी छोटा पंखा आणि समोरच्या भिंतीत झडप हवीच, नाहीतर तासाभरात डोकं जड होतं.