रात्री कॅमेऱ्यात नुसतं पांढरं किंवा काळंच दिसतंय? या चुका टाळा

दिवसा कॅमेरा उत्तम चालतो, फाटकाशी कोण उभं आहे ते लगेच ओळखू येतं. अंधार पडला की मात्र पडद्यावर नुसतं पांढरं धुकं, नाहीतर काळा चौकोन. मग बहुतेक जण कॅमेराच खराब निघाला म्हणून नवा घ्यायच्या तयारीला लागतात. एवढी घाई करू नका. रात्री घरचा कॅमेरा मुख्यतः स्वतःच्याच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या, प्रकाशात बघत असतो. तो प्रकाश समोरच्या माणसापर्यंत पोचतोय, वाटेतच अडून परत येतोय, की मुळात पडतच नाहीये, हे आधी शोधा. आणि ते रात्रीच शोधा. दुपारी कॅमेरा बसवायचा, मोबाइलवर चित्र बघायचं आणि काम झालं म्हणायचं, ही पहिली चूक.

पांढऱ्या धुक्यापासून सुरुवात करू, कारण ही तक्रार फार सापडते. कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवला असेल तर दुसरं कारण शोधूच नका. कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांचा (एलईडी) प्रकाश काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये शिरतो. कॅमेरा काचेला चिकटवून ठेवल्यानंही पुरतं भागत नाही, कारण एलईडी लेन्सच्या अगदी शेजारीच असतात. अ‍ॅपमध्ये जाऊन इन्फ्रारेड दिवे बंद करा, नाइट मोड चालू ठेवा आणि बाहेर एखादा साधा दिवा लावा. ते जमत नसेल तर कॅमेरा काचेबाहेर न्यावाच लागेल.

काच नसतानाही हाच प्रकार होतो. छज्जाची कड, शेजारची भिंत, पाण्याचा पाइप किंवा कुंडीतली वाढलेली फांदी चौकटीत अगदी जवळ आली की तिच्यावर प्रकाशाचा झोत पडतो. कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, म्हणून तो सगळं चित्रच काळोखं करतो. परिणामी भिंत लख्ख आणि अंगण गडप. रात्री चित्राच्या चारही कडा नीट बघा. जी कड पांढरी पडली असेल तिच्यापासून कॅमेरा थोडासा वळवा. एवढ्यानं अंगण एकदम उजळतं, हे बघण्यासारखं असतं.

कोळ्याच्या जाळ्याला कमी लेखू नका. लेन्ससमोरचा एकच धागा इन्फ्रारेडमध्ये जाड पांढऱ्या दोरीसारखा दिसतो, आणि वाऱ्यानं हलला की रात्रभर मोबाइलवर हालचालीच्या सूचना येत राहतात. मग माणूस वैतागून सूचनाच बंद करून टाकतो, तेच जास्त धोक्याचं. मऊ मायक्रोफायबर कापडानं लेन्स पुसत जा. डोम (घुमटाच्या आकाराच्या) कॅमेऱ्याच्या प्लास्टिकला खरखरीत फडकं किंवा थिनर लावलं तर बारीक चरे पडतात आणि प्रत्येक चऱ्यावर प्रकाश विखुरतो. डोम उघडून परत बसवताना आणखी एक गोष्ट हमखास राहते. लेन्स आणि एलईडी यांच्यामध्ये फोमची किंवा रबराची रिंग असते, ती डोमला घट्ट टेकली पाहिजे. फट राहिली की प्रकाश आतल्या आत फिरतो. नवीन कॅमेऱ्यावरची पातळ प्लास्टिकची फिल्म काढली आहे ना, तेही बघून घ्या.

आता काळा चौकोन. आधी एलईडी पेटतात का ते तपासा. अंधारात मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरक्षा कॅमेऱ्याकडे धरा; एलईडी चालू असतील तर पडद्यावर जांभळट-पांढरे ठिपके दिसतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे एलईडी नुसत्या डोळ्यांनाही मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्यांना दिसतच नाहीत, पण कॅमेऱ्याचा सेन्सरही त्यांना कमी दाद देतो, त्यामुळे त्यांचा पल्ला कमी पडतो.

एलईडी पेटत असूनही चित्र काळं असेल तर दिवसाउजेडी लेन्स आणि शेजारचा उजेड मोजणारा सेन्सर दोन्ही हातानं झाका आणि कान द्या. बारीक ‘टक्’ असा आवाज यायला हवा. दिवसा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बाजूला सरकल्याचा तो आवाज असतो. फिल्टर लेन्ससमोरच अडकला तर रात्र काळी. बाजूला अडकून राहिला तर दिवसा झाडं, कपडे गुलाबी-जांभळे दिसतात. सेटिंगमध्ये डे आणि नाइट मोड काही वेळा आलटून पालटून बघा, कधी कधी तेवढ्यानं तो सुटतो. नाही सुटला तर दुरुस्तीला द्या, घरी खोलू नका. मोड चुकून कायमचा ‘डे’ किंवा ‘कलर’वर राहिला नाही ना, हे मात्र सगळ्यात आधी पाहा.

कॅमेरा फक्त रात्रीच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर संशय अडॅप्टर आणि वायरवर घ्या. एलईडी लागले की करंट जास्त ओढला जातो. एकाच अडॅप्टरवर चार कॅमेरे, त्यात लांबलचक बारीक वायर, तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे टोकापर्यंत व्होल्टेज घसरणारच. १२ व्होल्टचा कॅमेरा असेल तर मल्टिमीटर त्याच्या टोकाशी लावून एलईडी चालू असताना मोजा. दिवसा १२ आणि रात्री १० दिसले तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

खोक्यावर ३० मीटर लिहिलं म्हणून ३० मीटरवरचा चेहरा ओळखू येईल, असं धरून चालू नका. अंतर दुप्पट झालं की पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. लांबचं फाटक बघायचं असेल तर वेगळा इन्फ्रारेड दिवा फाटकाजवळ लावा. उलट माणूस जवळ आल्यावर चेहरा पांढराफटक पडत असेल तर एलईडीची तीव्रता कमी करा किंवा स्मार्ट आयआर (माणूस जवळ आला की एलईडी आपोआप मंद करणारी सोय) चालू करा. चालणारा माणूस भुतासारखा पसरट दिसतो तेव्हा शटर फार मंद असतो. सेटिंगमध्ये तो १/२५ सेकंदावर असेल तर १/५० करून बघा. चित्र थोडं काळोखं होईल, पण चेहरा हाती लागेल, आणि कॅमेरा लावला तो त्यासाठीच.

चोरीची तक्रार देताना एक काळजी जरूर घ्या. इन्फ्रारेड चित्रातल्या कपड्यांच्या रंगावर विसंबू नका, काळा शर्ट त्यात चक्क फिकट, कधी पांढराही दिसू शकतो. रंग महत्त्वाचा असेल तर दारावर रात्रभर साधा पांढरा दिवा ठेवा आणि त्या कॅमेऱ्याचा कलर मोड वापरा.